पिवळीला सरळ पोहता यावं म्हणून

दर्यासारंगाने समुद्रात कधी गुडघ्यापलीकडे पाय टाकला नव्हता. तो राहायचा तिसऱ्या मजल्यावर, नोकरी करायचा भूमापन कार्यालयात, आणि दिवसभर लोकांच्या जमिनींचे नकाशे काढायचा. त्याचा जो काही दर्या होता तो हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी, एका काचेच्या टाकीत होता. त्यात खारं पाणी, थोडे दगड, दगडांवर फुललेली प्रवाळं, माशांचं एक नारिंगी जोडपं आणि पिवळी. दर्यासारंग हे नाव त्याच्या मेहुण्याने ठेवलं होतं, ते टिंगल म्हणून. पण त्याला ते इतकं आवडलं की तो स्वतःच फोनवर तेच नाव सांगू लागला, आणि मेहुण्याची सगळी मजा गेली.

पिवळी आणली तेव्हा बोटभर होती. आता ती तळहाताएवढी झाली होती, चपटी आणि पिवळीजर्द. या काचेपासून निघायची, शेपटीचे दोन फटकारे मारले की पलीकडची काच यायची, की वळायची. पुन्हा दोन फटकारे, पुन्हा वळण. घरी येणाऱ्या पाहुण्यांना वाटायचं, काय छान पोहतेय. दर्यासारंगालाही बरेच दिवस तसंच वाटत होतं. मग एका संध्याकाळी, चहाचा कप हातात असताना, त्याच्या एकदम लक्षात आलं की ही पोहत नाही, ही नुसती वळते. हे एकदा दिसल्यावर त्याला दुसरं काही दिसेना. चहा गार झाला.

"हिला एकदा तरी सरळ पोहता आलं पाहिजे," तो म्हणाला.

"तिने सांगितलं का तुम्हाला तसं?" बायकोने विचारलं.

"सांगायला कशाला हवं? दिसतंय की."

"मी पण स्वयंपाकघरात तशीच वळते. दोन पावलं टाकली की ओटा."

हे त्याने ऐकलं नाही असं नाही. पण त्याच वेळी त्याची नजर समोरच्या लांब भिंतीवर गेली होती आणि मनात तिची मापं सुरू झाली होती. नकाशे काढणाऱ्या माणसाला मोकळी भिंत दाखवू नये.

दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसातून खडू आणला आणि भिंतीवर एक लांबच लांब चौकट काढली. खिडकीपासून सुरू झालेली ती चौकट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. तिच्याखाली फरशीवर स्टँडची जागा आखली. आणि मग त्या खडूच्या टाकीसमोर खुर्ची टाकून तो बसू लागला. डोळे अर्धवट मिटले की भिंत निळी व्हायची. प्रवाळं हलायची. पिवळी खिडकीपाशी निघायची आणि जात राहायची, जातच राहायची, आणि तिच्याबरोबर त्याच्या आतही काहीतरी मोकळं होत जायचं. असं सुख त्याला खऱ्या टाकीनेही कधी दिलं नव्हतं. घरातल्या दोघांनाही फरशीवरच्या रेघा ओलांडायच्या नाहीत अशी सवय लागली. बायको केर काढायची तोही रेघांच्या बाहेरून. नंतर तिला स्वतःचाच राग आला आणि तिने मुद्दाम एकदा त्या टाकीच्या मधोमध उभं राहून केस विंचरले.

ऑफिसातही लक्षणं बरी नव्हती. एका शेतजमिनीच्या नकाशात विहीर दाखवायची होती. त्याने दाखवली, आणि हात थांबेना म्हणून विहिरीत एक प्रवाळ काढलं. साहेबांनी तो नकाशा उजेडात धरून पाहिला, मग दर्यासारंगाकडे पाहिलं, आणि फक्त "खोडा" म्हणाले. चार लोकांत ओरडले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. ओरडणाऱ्या माणसाला उत्तर तरी देता येतं.

इमारतीच्या समितीची परवानगी लागणार होती. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त रेल्वे अधिकारी. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला कोणत्या ना कोणत्या डब्यात बसवायची सवय. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे नक्की काय आहे?"

"मत्स्यालय."

"ते कळलं. पण नियमात कुठे बसवू? पाळीव प्राणी म्हणावं तर प्राणी म्हणून शेजाऱ्यांची संमती लागते. पाण्याचा साठा म्हणावं तर तो गच्चीवरच हवा."

"हे प्राणी भुंकत नाहीत," दर्यासारंग म्हणाला.

"तुम्ही म्हणता तसंच सगळे म्हणतात. वजन किती होईल?"

दर्यासारंगाने आकडा सांगितला. सेक्रेटरींनी छताकडे बघून मनात हिशेब केला.

"म्हणजे हत्तीचं पिल्लू."

"साधारण तेवढंच."

"हत्ती निदान इकडेतिकडे फिरतो. हे एकाच जागी उभं राहणार."

मग इंजिनियर आला, त्याने भिंतीला कान लावला, तुळई कुठून जाते ते पाहिलं आणि भिंतीलगत ठेवलं तर हत्ती चालेल असा निर्वाळा दिला. समितीची बैठक झाली. बैठकीत एकाने विचारलं की भूकंप झाला तर मासे कुठे जातील. दुसऱ्याने विचारलं की टाकीतल्या लाटांनी इमारत डोलेल का. शेवटी, बराच काथ्याकूट होऊन, टाकीची नोंद 'कपाट' अशी झाली. कपाटाला कोणाची हरकत नसते. फक्त कपाटं लिफ्टमधून न्यायची नाहीत असा नियम होता, त्यामुळे टाकी जिन्यातून न्यायची असं ठरलं.

आता दर्यासारंगाने भिंत मोजली होती, दार मोजलं होतं, दाराची कडी बाहेर किती येते तेही मोजलं होतं. गावोगावच्या जमिनी कागदावर आणणाऱ्या या माणसाने जिन्याचं वळण मात्र मोजलं नव्हतं. काचवाला आणि त्याची माणसं टाकी घेऊन दुसऱ्या मजल्यापर्यंत आली आणि थांबली. टाकी वळेना. तिरकी करून पाहिली, उभी करून पाहिली. मेहुणा खालून सूचना देत होता. मेहुणा विम्याचं काम करायचा, त्यामुळे कोणती गोष्ट कशी फुटेल याची त्याला उत्तम कल्पना होती.

"भाऊजी, ही फुटणार," तो म्हणाला. "कडेने नाही, मधोमध फुटणार."

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडलं. काकू एकट्या राहायच्या आणि जिन्यात काही चाललेलं असलं की त्यांना करमायचं. त्यांनी एकवार टाकीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माझ्या घरात घाला एक टोक. मग वळेल."

टोक काकूंच्या दारातून आत गेलं, त्यांच्या हॉलमधून पुढे गेलं, आणि सोफ्याला टेकून थांबलं. टाकी आता ना पुढे जाईना ना मागे. काचवाला म्हणाला, आमची जेवणाची वेळ झाली, पोटात काही गेल्यावर बघू. माणसं गेली. ती सगळी दुपार टाकीचं अर्धं अंग काकूंच्या घरात आणि अर्धं जिन्यात होतं. काकूंनी टाकीवर चहाचा कप ठेवला आणि दर्यासारंगाला आत बोलावलं. तो काचेपलीकडून काकूंना आणि काकू काचेपलीकडून त्याला बघत राहिले. काचेतून काकूंचं घर जरा पाण्याखाली गेल्यासारखं दिसत होतं, आणि ते त्याला फार आवडलं. जिन्यातून जाणारे येणारे वाकून, टाकीखालून रांगत जात होते. त्यात सेक्रेटरीही होते. रांगतानासुद्धा त्यांनी मान खाली घातली नाही.

जेवून आल्यावर माणसांनी काकूंचा सोफा बाल्कनीत नेला आणि टाकी वळली.

पाण्याची तयारी बाथरूममध्ये सुरू झाली. मोठमोठी पिंपं, त्यात मीठ घातलेलं पाणी, पाणी ढवळणारा पंप, आणि पिंपांच्या मधल्या फटीत उभं राहून अंघोळ करणारे नवराबायको. मेहुणा मुक्कामाला आला होता. त्याने सकाळी चुकीच्या पिंपातलं पाणी घेतलं आणि दिवसभर त्याला कळेना की आपलं अंग असं का चिकटतंय. त्याने बाहेरच्या हवेला दोष दिला. त्याला कोणीच काही सांगितलं नाही.

मग तो दिवस आला. दर्यासारंगाने टाकी भरली. इतक्या हौसेने भरली की पाणी काठाला येऊन थरथरायला लागलं. खिडकीतला उजेड त्यातून आरपार गेला आणि समोरच्या भिंतीवर हलायला लागला. मग त्याने दगड आत ठेवायला सुरुवात केली.

दगड पाण्यात घातला की पाणी वर येतं, हे शाळेत कोणीतरी आपल्याला शिकवलेलं असतं. दर्यासारंगालाही शिकवलं होतं, त्याला त्यात चांगले मार्कही होते. पण पहिला दगड आत गेला, पाणी काठावरून खाली आलं, आणि त्याला वाटलं, थोडंसंच तर आहे. दुसरा गेला. तिसऱ्या दगडाला बायको टॉवेल घेऊन आली. पाचव्याला घरातले सगळे टॉवेल संपले होते आणि दारावर थाप पडली.

काकू होत्या. ओल्या उशीचं टोक त्यांनी हातात धरलं होतं.

"माझ्या पलंगावर गळतंय," त्या म्हणाल्या. "चाखून पाहिलं, तर खारट लागलं. म्हटलं नळाचं तर नाही, मग वर कोणी रडतंय का बघावं."

"समुद्राचं पाणी आहे, काकू."

"असं होय," काकू म्हणाल्या, आणि त्यांचं समाधान झालं. त्यांनी पलंग सरकवला. पुढे त्याच खाली सांगू लागल्या की पंपाची ती घूं घूं वरून ऐकू आली की त्यांना छान झोप लागते, कुठेतरी लांब बोटीत निजल्यासारखं वाटतं. एकदा वीज गेली तेव्हा त्या तक्रार घेऊन आल्या की समुद्र का बंद केला.

यानंतर जे सुरू झालं ते दर्यासारंगाला कोणालाही समजावून सांगता आलं नाही. नव्या टाकीत लगेच मासे सोडायचे नसतात. पाणी मुरावं लागतं, दगडांवर डोळ्यांना न दिसणारे जीव धरावे लागतात, आणि त्याला आठवडेच्या आठवडे लागतात. तोवर टाकीत काही नसतं. पाणी असतं आणि वरून निळसर उजेड असतो. एवढ्या खटपटीनंतर सगळी इमारत टाकी बघायला आली आणि सगळ्या इमारतीने एकच प्रश्न विचारला.

"मासे कुठायत?"

"अजून नाहीत."

"मग आम्ही काय बघायचं?"

"पाणी," दर्यासारंग म्हणायचा, आणि कान लाल व्हायचे.

कोणी म्हणालं, तुम्हाला फसवलं. कोणी म्हणालं, मासे आतच असतील, नीट बघा. एकाने प्लास्टिकचे सुचवले, ते मरत नाहीत. पण उठायचं कोणी नाव घेत नव्हतं. आधी उभ्या उभ्या बघायचे, मग सोफ्याच्या हातावर टेकायचे, मग नीट मांडी घालून बसायचे. रिकाम्या पाण्यात उजेड हलत असायचा आणि माणसं बोलायची थांबायची. सेक्रेटरी गळतीची लेखी समज द्यायला आले होते. ती हातात धरून ते बसले आणि मग त्यांनी कोणी न विचारता सांगितलं की लहानपणी त्यांना दीपगृहात नोकरी करायची होती. "रेल्वेत गेलो, कारण गावाला रेल्वे होती," ते म्हणाले. नंतर त्यांचा डोळा लागला. जाताना समज त्यांच्या खिशातच राहिली.

दर्यासारंगाच्या डोळ्यांसमोर मात्र ती टाकी भरलेली होती. जुन्या टाकीत पिवळी वळत होती, आणि तो तिला रोज मनातल्या मनात सांगत होता, थांब, थोडं थांब.

आणि पाणी मुरलं. त्याने जुन्या टाकीतली प्रवाळं हलवली, नारिंगी जोडपं हलवलं, आणि शेवटी पिवळीला एका भांड्यात घेऊन नव्या टाकीचं पाणी थेंब थेंब त्यात सोडत बसला, तिला एकदम धक्का बसू नये म्हणून. त्या संध्याकाळी त्याने सगळ्यांना बोलावलं होतं. मेहुणा, काकू, सेक्रेटरी, काचवालासुद्धा, सगळे हॉलमध्ये दाटीवाटीने बसले होते. दर्यासारंगाने नवा शर्ट घातला होता. त्याने भांडं तिरकं केलं आणि पिवळी पाण्यात गेली.

आधी ती दगडाआड लपली. मग बाहेर आली, खिडकीच्या बाजूच्या काचेपाशी गेली, वळली, आणि निघाली. शेपटीचा एक फटकारा, दुसरा फटकारा.

आणि वळली.

समोर एवढी मोठी टाकी मोकळी पडली होती, आणि पिवळी जिथे तिची जुनी काच असायची बरोब्बर तिथून वळून परत आली. पुन्हा निघाली, पुन्हा तिथूनच वळली.

"भाऊजी," मेहुणा शेवटी म्हणाला, "तिला डोक्यातली काच पुसून घ्यायला सांगा. तिला वाटतंय, ती अजून तिथेच आहे."

लोक हसले, वाईट मनाने नाही. काकू म्हणाल्या, नवीन जागा आहे, रुळेल. काचवाला म्हणाला, काचेत काही दोष नाही. सेक्रेटरींनी जाताना दर्यासारंगाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्यानेच तो जास्त खचला. सगळे गेल्यावर त्याने शर्ट बदलला आणि घडी न घालता खुर्चीवर टाकला.

पुढे त्याने सगळे उपाय केले. पलीकडच्या बाजूला खाणं टाकलं, ते नारिंगी जोडप्याने खाल्लं. दिवा सरकवला. दगड हलवले. काचेवर बोट ठेवून हळूहळू पुढे नेलं, पिवळी बोटामागे त्या न दिसणाऱ्या काचेपर्यंत आली आणि तिथून त्याच्याकडे बघत राहिली. ऑफिसात विचारायचे, काय हो, गेली का पलीकडे? तो म्हणायचा, जाईल. आणि नकाशावर वाकायचा. एवढी मोठी भिंत, हत्ती, जिना, काकूंचा पलंग, आणि त्यातून जे एक हवं होतं तेवढंच झालं नाही. त्याला रडू यायचं, पण मोठ्या माणसाने माशासाठी रडायचं नसतं असं त्याला वाटायचं, म्हणून त्याला सर्दी झाली.

सर्दी वाढली आणि त्याने रजा टाकली. इतक्या वर्षांत कामाच्या दिवशी दुपारी तो घरी असा कधी नव्हताच. सोफ्यावर चादर ओढून पडला. औषधाने डोळे जड झाले होते. हॉलमध्ये पाण्याचा उजेड छतावर हलत होता, पंप घुमत होता, आणि त्याला आपण झोपलोय की नाही ते नीट कळत नव्हतं. कुठेतरी भांडी ठेवल्याचा आवाज आला. मग बायको स्वयंपाकघराच्या दारातून स्टूल घेऊन आली आणि टाकीच्या त्या टोकाला, दाराला लागून, बसली. तिच्या हातात पालेभाजीचं एक पान होतं.

"ये," ती हळू आवाजात म्हणाली. "आज ते घरी आहेत, पण झोपलेत."

पिवळी खिडकीपाशी होती. ती वळली आणि निघाली. एक फटकारा, दुसरा, आणि मग ती जुनी काच जिथे असायची तिथून अशी पुढे गेली की जणू तिथे कधी काही नव्हतंच. सरळ गेली. प्रवाळांवरून, नारिंगी जोडप्यावरून, आख्ख्या भिंतीच्या लांबीभर ती जातच राहिली आणि बायकोच्या बोटांपाशी येऊन थांबली. बायकोने झाकण उचलून पान आत धरलं. पिवळी ते तोडून तोडून खाऊ लागली.

सगळ्या इमारतीला हाक मारावी असं चादरीखाली दर्यासारंगाला वाटलं. पण तो झोपलेला होता, आणि झोपलेल्या माणसाला असं काही करता येत नाही. शिवाय बायको बोलत होती. सकाळी तिच्या बहिणीचा फोन आला होता, तिच्या मुलीचं लग्न ठरत नाहीये. गुडघा हल्ली जिन्यात दुखतो. शिवणाचं काम परत सुरू करावं असं मनात आहे, पण कोणाला सांगितलं नाही, होईल का माहीत नाही. हे सगळं ती एका लयीत, पान पुढे धरत धरत सांगत होती. यातलं त्याला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

मग ती न वळताच म्हणाली, "जागे आहात ना?"

त्याने चादर खाली घेतली. "कधीपासून येते ही तुझ्याकडे?"

"लहान होती तेव्हापासून. तुम्ही ऑफिसला गेलात की मी जेवते, आणि मग हिला पान."

"मला वाटलं, तुला यातलं काही आवडत नाही."

"पसारा आवडत नाही," ती म्हणाली. "ही आवडते. दुपारी घरात दुसरं कोण असतं?"

आपण एवढा दर्या घरात आणला, आणि हिच्या दुपारी आपल्याला माहीत नव्हत्या. हे त्याला इतकं लागलं की सर्दीही विसरायला झाली.

"बोलते का ती तुझ्याशी?" त्याने उगीच विचारलं.

"बोलत नाही," बायको म्हणाली. "ऐकते."

तो उठला. चादर तशीच अंगाभोवती गुंडाळून त्याने खुर्ची ओढली आणि स्टुलाशेजारी बसला.

"ते शिवणाचं काय म्हणत होतीस?"

"तिला सांगत होते."

"मला सांग ना."

बायकोने पानाचा देठ स्टुलाच्या कडेला ठेवला. मग सांगायला लागली. आधी तुटक, मग भराभर. खिडकीजवळ, जिथे जुनी टाकी होती, तिथे मशीन ठेवता येईल, तिथे उजेड चांगला येतो. त्याने विचारलं, माप घेऊ का? ती म्हणाली, माप नको, आधी नुसतं ऐका. तो ऐकत राहिला. चहाची वेळ झाली तरी कोणी उठलं नाही. पाण्याचा उजेड दोघांच्या हातांवर हलत होता, आणि त्यांच्या शेजारून, काचेपलीकडून, काहीतरी पिवळं जात होतं आणि येत होतं.

संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला.

"काय भाऊजी, गेली का पिवळी पलीकडे?"

"गेली," दर्यासारंग म्हणाला.

"खरंच? किती वेळा?"

"ते नाही सांगता येणार," तो म्हणाला. "मी बघत नव्हतो."